व्हेंटिलेटरचा फ्लो सेन्सर: हॉट वायर की अल्ट्रासॉनिक?

बायोमेड_कराड: मंडळी, आमच्या आयसीयूसाठी एक व्हेंटिलेटर घ्यायचाय. बजेट ६ लाख, ट्रस्टी त्यापुढे जाणार नाहीत. सध्याच्या मशीनचे हॉट वायर सेन्सर (तापलेल्या तारेने हवेचा प्रवाह मोजणारे) सारखे जातात. नेब्युलायझेशनचं (फवारा करून श्वासातून द्यायचं) औषध तारेवर बसतं आणि टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) भलताच दिसतो. अल्ट्रासॉनिकने, म्हणजे ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरने, हा त्रास सुटेल का?

भूलतज्ज्ञ_नगर: डोळे मिटून सर्वो (व्हेंटिलेटरचा ब्रँड) घ्या. एक्स्पिरेटरी कॅसेटमध्येच (सोडलेला श्वास जिथून जातो तो काढता येणारा भाग) अल्ट्रासॉनिक सेन्सर. आमच्याकडे आहे, एकदम झकास.

बायोमेड_कराड: सर, बजेट ६ लाख आहे.

भूलतज्ज्ञ_नगर: पेशंटच्या जिवापुढे बजेट काय घेऊन बसलात!

इन्स्ट्रु_ताई: आधी तत्त्व बघा. दोन ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारे आणि टिपणारे) समोरासमोर, तिरके. आवाज प्रवाहाबरोबर लवकर पोचतो, उलट्या दिशेने उशिरा. या दोन वेळांवरून प्रवाहाचा वेग काढतात, आणि त्या गणितात वायूमधला ध्वनिवेग आपोआप कटतो. हॉट वायर तार किती थंड होते त्यावर चालते, म्हणून हेलियम-ऑक्सिजन दिला की रीडिंगमध्ये दुरुस्ती करावीच लागते. अल्ट्रासॉनिकमध्ये जळायला तारच नाही.

सर्व्हिस_कोल्हापूर: पण पाण्याचं काय? ह्युमिडिफायरचं पाणी ट्रान्सड्यूसरवर गेलं की रीडिंग नाचतं. एका ठिकाणी कॅसेट धुऊन ओलीच बसवली, मशीन प्री-यूज चेकलाच (वापरण्याआधीच्या तपासणीला) अडकलं. रात्री मला उठवलं. जुनं रिफर्बिश्ड घेणार असाल तर कॅसेटचा भाव आधी विचारा.

एनआयसीयू_सिस्टर: सेन्सर वाय-पीसलाच (पेशंटजवळ दोन नळ्या जुळतात त्या जोडालाच) हवा. बाळाचा व्हॉल्यूम काही मिलिलिटरच, नळी फुगते त्यातच हिशोब बिघडतो.

इन्स्ट्रु_ताई: बरोबर, पण तिथे सेन्सरची डेड स्पेसही (सोडलेली हवा अडकून राहते ती जागा) मोजा. शिवाय ते मोठ्यांच्या आयसीयूबद्दल विचारताहेत.

आरटी_सोलापूर: नेब्युलायझेशनच्या वेळी एक्स्पिरेटरी बाजूला, सेन्सरच्या आधी फिल्टर लावता का? औषध तिथेच अडतं. फिल्टर ओला झाला की बदला, नाहीतर पेशंटला श्वास सोडायला जड जातं.

डॉ_वसई: सर्वोच घ्या.

बायोमेड_कराड: आरटी दादा, फिल्टर लावतच नव्हते, आजपासून सुरू केलं. मशीन मात्र वाय-पीसला साधा डिफरन्शियल प्रेशर सेन्सर (दाबातल्या फरकावरून प्रवाह मोजणारा) असलेलं घेतोय. सेन्सर बिघडला तर नाइटची सिस्टरच दुसरा लावून कॅलिब्रेट करेल, मला कराडला इंजिनिअरची वाट बघायला नको.

सर्व्हिस_कोल्हापूर: त्याच्या बारीक नळ्यांतही पाणी साचतं. नळ्या वरच्या बाजूला ठेवा.