मदत हवी आहे: घाट चढताना सिल्वराडोचं ट्रान्समिशन २३० अंशांवर जातंय

पुणेरी_डेन्व्हर

मंडळी, गाडी २०१२ ची शेवरोले सिल्वराडो १५००. ५.३ लिटर व्ही८, सहा गिअरचं ६एल८० ऑटोमॅटिक, मागच्या एक्सलचं गिअर-गुणोत्तर बहुतेक ३.४२, टायर २६५/७० आर१७, ९२,००० मैल. मागे कॅम्पर ट्रेलर, पाणी-सामान भरून काट्यावर ५,६०० पौंड.

डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला जाताना सपाटीवर ट्रान्समिशनचं तापमान १९५ फॅरनहाइट असतं. आयसेनहॉवर बोगद्याच्या चढावर ते २२८-२३० होतं. टो/हॉल (ओझं ओढायचा मोड) चालू, लिव्हर 'डी' मध्ये. वेग ५५ वरून ४५ ला पडतो आणि गिअर दुसरा-तिसरा-चौथा असे सारखे बदलत राहतात. डॅशवर इशारा आलेला नाही.

१) २३० म्हणजे धोका आहे का?
२) मोठा कूलर लावू का, आणि कोणता?
३) तेल शेवटचं कधी बदललं ते माहीत नाही. एक गॅरेजवाला मशीनने फ्लश करा म्हणतो. करू का?
४) गिअर हाताने धरून चालवल्यास ट्रान्समिशनवर ताण येतो का?

घाटवाट

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्या दोन्हींचं उत्तर त्यातच आहे. ताण येत नाही, उलट कमी होतो.

ट्रान्समिशनमधली बहुतेक उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, तयार होते. कन्व्हर्टर लॉक असेल (आतल्या क्लचने घट्ट धरलं असेल) तर इंजिन आणि गिअरबॉक्स जवळजवळ एकाच गतीने फिरतात, तेल घुसळलं जात नाही. चढावर ॲक्सिलरेटर खोल दाबला की लॉक सुटतो आणि इंजिनाची बरीच ताकद तेल तापवण्यात जाते. त्यात गिअर वरखाली होत राहिला तर प्रत्येक बदलाला क्लचप्लेट थोड्या घसरतात, ती उष्णता वेगळीच.

आता तुमच्या गाडीचं गणित. ६एल८० चे गिअर ४.०३, २.३६, १.५३, १.१५, ०.८५, ०.६७. तुमचा टायर आणि ३.४२ एक्सल धरून:

चौथा, ५० मैल: सुमारे २,१०० आरपीएम
तिसरा, ५० मैल: सुमारे २,८००
दुसरा, ४५ मैल: सुमारे ३,८५०
दुसरा, ४० मैल: सुमारे ३,४५०

या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ४,००० आरपीएमला मिळतो. बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे एक तृतीयांश गेलेलीच असते. सहा-सात टक्के चढाला साडेअकरा हजार पौंडांची जोडी ५० मैलांनी ओढायला जेवढे हॉर्सपॉवर लागतात, तेवढे तिसऱ्या गिअरात २,८०० ला तिथे मिळतच नाहीत. म्हणून गाडी मधेच लटकते आणि गिअर शोधत बसते.

तेव्हा चढ सुरू व्हायच्या आधीच लिव्हर 'एम' ला घ्या, वरच्या बटणाने मर्यादा २ वर आणा आणि उजव्या लेनमधून ४० ते ४५ ने चढा. ३,८०० चा आवाज कानाला जड वाटेल, इंजिनाला नाही. आरपीएम जास्त असले की ट्रान्समिशनचा पंपही जास्त तेल कूलरकडे ढकलतो. सपाटीला लागलात की मर्यादा हळूहळू वाढवा. सहावा मात्र ट्रेलर मागे असताना विसरा: ६० मैलांना तो जेमतेम १,४५० आरपीएम देतो.

पाना_नंबर_दहा

घाटवाटांशी सहमत. तापमानाचं माझं मोजमाप असं, पॅनमधल्या सेन्सरवर, फॅरनहाइटमध्ये:

२०० च्या खाली: निर्धास्त.
२०० ते २२०: ओझं असताना चालतं.
२२० ते २४०: काही मिनिटं ठीक, पण वेग किंवा गिअर बदलायची वेळ झाली.
२४० च्या वर: जागा बघून थांबा.

कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं तेल पॅनमधल्यापेक्षा बरंच जास्त गरम असतं, म्हणून २३० दिसतंय म्हणजे सगळीकडे २३० असं समजू नका. शिवाय ६एल८० चा कंट्रोल मॉड्यूल (गिअर बदलणारा संगणक) ट्रान्समिशनच्या आत, तेलातच बसवलेला असतो. तेल शिजलं की तोही शिजतो, आणि तो स्वस्त नाही.

थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, हे फार जण चुकतात. 'पी' मध्ये ठेवून पाच-दहा मिनिटं इंजिन चालू द्या, शक्य असल्यास १,००० ते १,२०० आरपीएमवर. बंद केलं की पंप थांबतो आणि सगळ्यात गरम तेल कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं.

कूलर विकत घेण्याआधी ग्लोव्ह बॉक्स उघडा. आत बारीक अक्षरांचं स्टिकर आहे. त्यावर केएनपी शोधा, तो कारखान्यातून आलेला जादा ट्रान्समिशन कूलर. जीयू६ म्हणजे ३.४२ एक्सल, जीटी४ म्हणजे ३.७३, जीयू४ म्हणजे ३.०८. ३.०८ निघाला तर गणित पुन्हा मांडावं लागेल.

पुणेरी_डेन्व्हर

बघितलं. केएनपी आहे, जीयू६ आहे. डिपस्टिकवरचं तेल तपकिरी-लालसर आहे, करपट वास नाही. आणखी एक: ४५ मैलांच्या आसपास हलका ॲक्सिलरेटर असताना कधीकधी गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. ट्रेलर नसतानाही. संबंध आहे का?

पाना_नंबर_दहा

आहे, आणि ही थरथर २३० अंशांपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते. या ट्रान्समिशनमध्ये कन्व्हर्टरचा क्लच पूर्ण घट्ट न धरता मुद्दाम थोडा घसरता ठेवतात, म्हणजे इंजिनाची थरथर केबिनमध्ये येत नाही. तेल जुनं झालं की ती घसरण गुळगुळीत राहत नाही, क्लच धरतो-सोडतो. तसंच चालवत राहिलं तर अस्तर झिजतं आणि तो चुरा पंपात आणि व्हॉल्व्ह बॉडीत जातो. पुढे पी०७४१ हा कन्व्हर्टर क्लचच्या बिघाडाचा कोड येतो.

आधी तेल बदला. अशीच थरथर बऱ्याचदा तेवढ्याने थांबते. मशीनचा फ्लश नको. पॅन उतरवल्याशिवाय आत काय आहे ते दिसत नाही आणि फिल्टरही बदलला जात नाही.

१) तेल डेक्सरॉन-६ च (जीएमचं ट्रान्समिशन तेलाचं मानक), बाटलीवर परवाना क्रमांक असलेलं. 'सर्व गाड्यांना चालणारं' नको.
२) पॅन उतरवून साधारण ६ क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) निघतं. एकूण १२ च्या आसपास असतं, म्हणजे एका वेळी निम्मंच बदलतं. दीडदोनशे मैल चालवून पुन्हा करा, पाऊण हिस्सा नवा होतो. तिसऱ्यांदा केलं तर साडेसत्त्याऐंशी टक्के. फिल्टर पहिल्याच वेळी बदला, पुढच्या वेळी गरज नाही.
३) पॅनमधलं चुंबक पुसून बघा. राखाडी, बोटाला गुळगुळीत लागणारा लेप चालतो. चमकत्या कणी, पितळी रंगाचा चुरा किंवा अस्तराचे काळे तुकडे दिसले तर तेल बदलून उपयोग नाही. ट्रान्समिशन उघडणाऱ्या माणसाकडेच जा.
४) जुन्या फिल्टरचं रबरी सील पंपाच्या भोकात राहून जातं. ते काढा, पण भोकाला ओरखडा न पाडता. दोन सील एकावर एक बसली तर फिल्टर नीट बसत नाही, पंप हवा ओढतो आणि तेलाचा फेस होतो.
५) पॅनचे बोल्ट ८० इंच-पौंड, म्हणजे ९ न्यूटन-मीटर. फूट-पौंडाचा पाना लावून बोल्ट तोडणारे पुष्कळ आहेत.
६) पातळी गरम तेलावर बघा: १६० ते २०० फॅरनहाइट, इंजिन चालू, सपाट जागा, 'पी' मध्ये. जास्त भरलं तरी फेस होतोच, फक्त कमीच वाईट असं नाही.

जड ओढकामासाठी यापुढे दर ४५ हजार मैलांना. मी असतो तर ३० धरले असते.

आणि तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी जागची हलवू नका. रेडिएटरच्या टाकीतून कूलंट तेलात शिरलं आहे. ते क्लचच्या अस्तराचा डिंक सोडवतं.

सह्याद्री_ते_सॅक्रामेंटो

धाग्यात घुसतोय, माफी. माझी २०१६ ची, तेच ५.३ आणि ६एल८०. ट्रेलर नसतानाही १९५-२०० दाखवते. मीही मोठा कूलर लावू का?

घाटवाट

तुमचा मामला वेगळा. २०१४ पासूनच्या गाड्यांत कूलरच्या नळ्यांवर थर्मल बायपास व्हॉल्व्ह आहे. तेल गरम होईपर्यंत तो त्याला कूलरकडे जाऊच देत नाही, कारण पातळ तेलाने इंधन थोडं वाचतं. म्हणजे १९५ हे बिघाडाचं लक्षण नाही, तसंच ठरवून दिलेलं आहे. कितीही मोठा कूलर लावलात तरी रिकाम्या गाडीत आकडा हलणार नाही. ओझं नियमित ओढत असाल तर आधी बायपासमधला घटक कमी तापमानाला उघडणारा घाला, कूलरचं नंतर बघा.

पुणेरी_डेन्व्हर, तुमच्या २०१२ ला हा व्हॉल्व्ह नाही, त्यामुळे कूलर वाढवला तर फरक दिसेल. पण तेल आणि गिअर दोन्ही करून एक फेरी मारल्याशिवाय पैसे घालू नका. लावायचाच ठरला तर:

स्टॅक्ड-प्लेट (प्लेटा एकावर एक रचलेला) प्रकारचा, साधारण ११ बाय ११ इंचांचा. नळी-आणि-पंखवाल्यापेक्षा तेवढ्याच जागेत जास्त काम करतो, आणि थंडीत घट्ट तेल मधल्या प्लेटा सोडून कडेने जाऊ शकतं. कोलोरॅडोच्या जानेवारीत याला किंमत आहे. जोडणी रेडिएटरच्या टाकीनंतर: ट्रान्समिशन, रेडिएटर, कूलर, परत ट्रान्समिशन. रेडिएटर वगळू नका, हिवाळ्यात तोच तेल गरम करतो. परतीची नळी ओळखायची तर थंड गाडी सुरू करून दोन्ही नळ्यांना हात लावा. आधी गरम होते ती जाणारी, दुसरी परतीची.

होज एसएई जे१५३२ असं छापलेलाच घ्या. पेट्रोलचा होज तेलाच्या उष्णतेने कडक होऊन फुटतो. कूलर पट्ट्यांवर बोल्टने बसवा. डब्यात येणाऱ्या प्लॅस्टिकच्या काड्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या असतात, त्या दोन वर्षांत घासून भोक पाडतात. खोल ॲल्युमिनियम पॅनचा मोह टाळा. दोन-तीन क्वार्ट जास्त तेल मावतं, म्हणजे तापायला वेळ लागतो. थंड व्हायलाही तेवढाच.

पाना_नंबर_दहा

दोन राहिलेल्या गोष्टी.

सपाटीवर ६५ ऐवजी ५५ ने चाला. कॅम्परचं तोंड भिंतीसारखं असतं आणि हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ५५ ला ती ६५ च्या साठ टक्केच लागते. एवढा फरक पाडणारा कूलर बाजारात नाही.

उताराला आपल्या घाटातल्या ट्रकवाल्यांचा नियम लावा: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. लॉक कन्व्हर्टरने इंजिन ब्रेक लावलं तर तेल फारसं तापत नाही, आणि ट्रेलरचे ब्रेक वाचतात.

चढावर कॅम्प लावताना पायाचा ब्रेक धरा, 'एन' ला घ्या, हँडब्रेक लावा, पाय सोडून वजन हँडब्रेकवर बसू द्या, मग 'पी'. उलट क्रमाने केलं तर साडेअकरा हजार पौंड 'पी' च्या एका छोट्या दात्यावर लटकतात आणि सकाळी 'पी' मधून काढताना धाडकन आवाज येतो.

पुणेरी_डेन्व्हर

आभार. शनिवारी पॅन उतरवतो, चुंबकाचा फोटो इथेच टाकतो. १२ क्वार्ट आणि एक फिल्टर मागवलाय.

पाना_नंबर_दहा

१४ मागवा. सांडतंच.