दारूचे व्यसन आणि उपचार : आधी काय ऐकले होते, प्रत्यक्षात काय घडले

दारूच्या व्यसनावरील उपचारांविषयी मराठवाड्यात जे बोलले जाते, त्यातला बराचसा भाग पारावरच्या गप्पांतून, बसस्थानकाच्या भिंतीवरील जाहिरातींतून आणि लग्नकार्यात भेटलेल्या पाहुण्यांच्या सल्ल्यांतून आलेला असतो. दिल्लीच्या एम्सने केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळाल्याचे त्यात नोंदवले आहे. उरलेल्या घरांत बहुधा ‘मनावर घेतले तर आज सुटेल’ हे एकच वाक्य फिरत असते. म्हणून ज्यांनी स्वतः उपचार घेतले, ज्यांच्या घरातील माणसाने घेतले किंवा ज्यांचा या कामाशी संबंध आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती. माणसांची व केंद्रांची नावे टाळावीत आणि औषधांचे प्रमाण कोणीही लिहू नये.

गृहिणी, गेवराई तालुका

माझ्या दिरांनी आषाढी एकादशीला माळ घातली आणि त्या दिवसापासून दारूला शिवायचे नाही असे ठरवले. घरात सगळ्यांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात इतके थरथरू लागले की चहाची कपबशी धरवेना, अंगाला घाम सुटला आणि झोप पूर्ण उडाली. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या, नसलेल्या माणसांशी ते बोलू लागले आणि स्वतःच्या मुलीला त्यांनी ओळखले नाही. गावात लगेच बाहेरच्या बाधेची चर्चा सुरू झाली. लिंबू आले, अंगारा आला. एका शेजाऱ्याने तर ‘सोडल्यामुळेच वेड लागले, थोडी पाजा म्हणजे उतरेल’ असे म्हणून क्वार्टरच आणून ठेवली. माझ्या भावाने कोणाचे न ऐकता गाडी केली आणि त्यांना थेट जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले.

तेथील डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावले. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीशी जुळवून घेतो आणि ती एकाएकी काढून घेतली की तोच मेंदू अनावर उत्तेजित होतो. काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भास व भ्रम होऊ शकतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतोही. दिरांना शांत करणारी औषधे दिली आणि ग्लुकोज लावण्यापूर्वी ‘ब-१’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले, कारण हे जीवनसत्त्व पिणाऱ्याच्या शरीरात फार कमी झालेले असते आणि त्याच्याअभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

यात मी माळेला दोष देत नाही. दिरांच्या गळ्यात ती आजही आहे आणि तिचा त्यांना आधारही वाटतो. मात्र रोज पिणाऱ्या माणसाने माळ घालायचे ठरवले, तर एकादशीच्या आधीच त्याला डॉक्टरांकडे न्यायला हवे, असे मी आता गावातल्या प्रत्येक बाईला सांगते.

निवृत्त परिचारिका, अंबाजोगाई

वरील अनुभवाला जोडून दोन गोष्टी लिहिते. पहिली अशी, की ‘सलाईन लावून रक्तातली दारू धुऊन काढा’ ही मागणी मी नोकरीभर ऐकली. सलाईनने शरीरातले पाणी भरून निघते. दारूचा निचरा मात्र यकृत आपल्याच गतीने करते आणि ती गती बाटल्या वाढवून वाढत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, शांत करणाऱ्या गोळ्यांचे नवे व्यसन लागेल या भीतीने नातेवाईक त्या परस्पर बंद करतात. या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करत थोड्याच दिवसांत थांबवायच्या असतात. अधेमधे तोडल्या तर फिट येण्याचा धोका राहतो, आणि घरी नेऊन मनाने चालू ठेवल्या तर मात्र सवय लागण्याची भीती खरी ठरते. थरथर थांबली की बहुतेक घरचे लोक ‘झाला बरा’ म्हणून डिस्चार्ज मागतात. खरे तर तोवर फक्त शरीर सावरलेले असते. तलफ, सोबत आणि सवय यांवरचे काम सुरूदेखील झालेले नसते.

औषध विक्रेता, परभणी

‘त्यांना न कळता भाजीत घालता येईल असे काही आहे का?’ हा प्रश्न आमच्या दुकानात नेहमी विचारला जातो आणि विचारणारी बहुधा पत्नी किंवा आई असते. त्यांचा त्रास दिसतो, त्यामुळे रागावता येत नाही. आठवडी बाजारात आणि टपालाने मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांमध्ये काय भरलेले असते हे विकणाराही सांगणार नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे डायसल्फिराम हे औषध मात्र चांगले तपासलेले आहे, आणि ते लपवून देणे नेमके म्हणूनच धोक्याचे आहे. दारू शरीरात गेल्यावर तिच्यापासून ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो व पुढे त्याचे विघटन होते. हे औषध ते विघटन रोखते. त्यावर दारू प्यायल्यास चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो आणि हृदयविकार असलेल्याचा जीवही जाऊ शकतो.

या औषधाचा हा गुण कळला तो अपघाताने. डेन्मार्कमधील दोन संशोधक ते पोटातील जंतांवर चालेल का हे पाहत होते, त्यांनी ते स्वतःवर घेऊन पाहिले आणि नंतर मद्य घेतल्यावर दोघेही आजारी पडले. १९४८ मध्ये व्यसनावरील औषध म्हणून त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ते दोघे स्वतः जाणकार होते, तरी कारण शोधावे लागले. ज्याला काहीच सांगितलेले नाही, त्याने रस्त्यात कोसळल्यावर डॉक्टरांना काय सांगावे? शेवटच्या गोळीनंतरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे टिकू शकतो. खोकल्याच्या काही औषधांत आणि टॉनिकांत अल्कोहोल असते, तेवढेही काहींना बाधते. म्हणून रुग्णाची संमती घेऊन, त्याला सर्व समजावून आणि तपासण्या करूनच डॉक्टर हे औषध सुरू करतात. शिवाय ते तलफ कमी करत नाही. त्यासाठी नाल्ट्रेक्झोन किंवा ॲकॅम्प्रोसेट अशी वेगळी औषधे आहेत, आणि कोणाला कोणते द्यायचे हे यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून ठरते.

बँक कर्मचारी, नांदेड

मी स्वतः उपचार घेतले आहेत. माझ्याबाबत पहिला गैरसमज घरच्यांचा नव्हे तर कचेरीचा होता : जो वेळेवर येतो, ज्याचा हिशेब चुकत नाही, तो व्यसनी कसा? गटारात पडलेला तेवढा बेवडा आणि क्लबात बसलेला तो शौकीन, अशी आपल्याकडे विभागणी आहे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पगार किंवा ब्रँड विचारला नाही. ठरवलेल्या प्रमाणावर थांबता येते का, पूर्वीइतकी चढण्यासाठी आता जास्त लागते का, सकाळी हात कापतात का आणि त्रास दिसत असूनही पिणे चालू आहे का, एवढेच त्यांनी विचारले.

‘त्याची स्वतःची इच्छा असल्याशिवाय उपयोग नाही’ हेही मी ऐकत होतो. मी गेलो तेव्हा इच्छा नव्हती. बहीण अबोला धरून बसली होती आणि वरिष्ठांनी रजेच्या अर्जावर अट घातली होती. इच्छा समुपदेशनाच्या बैठकांतून हळूहळू तयार झाली. ती आधी असायलाच हवी, हा आग्रह मला रुग्णाला दारातूनच परत पाठवण्यासारखा वाटतो.

उपचारांनंतर बऱ्याच महिन्यांनी भाचीच्या लग्नात मी बिअर घेतली आणि आठवडाभरात पूर्वीच्याच जागी पोहोचलो. ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ असे म्हणणारे पाहुणे आपल्याकडे प्रत्येक मांडवात असतात. नातेवाइकांनी पैसे वाया गेल्याचे जाहीर केले. डॉक्टरांनी मात्र त्या आधीच्या दिवसांविषयी बारकाईने विचारले : झोप कशी होती, औषध कधी थांबवले, कोणाशी भांडण झाले, हातात किती रोकड होती. त्यावरून पुढच्या लग्नसराईची आखणी झाली, म्हणजे कोणत्या कार्याला जायचे, कोणासोबत जायचे आणि किती वाजता निघायचे, हे ठरले. रक्तदाबाची गोळी चुकून दाब वाढला तर आपण रुग्णाला निर्लज्ज म्हणत नाही, औषध पुन्हा बसवतो. येथेही तेच केले गेले.

आता मी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या बैठकांना जातो. ही मंडळी धर्मप्रचार करतात, असाही एक समज आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या या संघटनेत फी नाही, आडनाव विचारत नाहीत आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. प्रार्थना असते, पण देव कोणता मानायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. गोळ्या बंद करा असे तेथे कोणी सांगितले, तर ते त्याचे वैयक्तिक मत समजावे.

महाविद्यालयीन प्राध्यापिका, जालना

माझ्या वडिलांना नातेवाइकांनी अशा एका केंद्रात ठेवले होते, जेथे पहिल्याच रात्री साखळी लावली गेली. ‘मार बसल्याशिवाय उतरत नाही’ हे तेथील चालक आम्हाला अभिमानाने सांगत होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींचाही समावेश आहे आणि कोणत्याही रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे, हे मला नंतर वाचनातून कळले. आम्ही वडिलांना तेथून बाहेर काढले. त्यानंतर कोणत्याही केंद्रात पाऊल ठेवताना आम्ही तीन प्रश्न विचारू लागलो : नोंदणी दाखवाल का, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात आणि घरच्यांना भेटू देता का. दोन ठिकाणी या प्रश्नांवरच बोलणे संपले.

शेतकरी महिला, धाराशिव जिल्हा

‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुटेल’ या उपचारात माझा वापर औषध म्हणून झाला. मला त्याचे दुष्परिणाम कोणी सांगितले नव्हते.

शिक्षक, धारूर तालुका

माझा धाकटा भाऊ ऊसतोडीला जातो. त्याच्या बाबतीत सगळ्यांनी धरलेले गृहीतक असे होते की दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की उपचार आपोआप संपतात, कारण फडावर डॉक्टर नाही आणि संध्याकाळी थकवा घालवायला सगळेच पितात. मानसोपचार विभागातील डॉक्टरांना आम्ही हंगामाची अडचण मोकळेपणाने सांगितली. त्यांनी औषधांची चिठ्ठी सविस्तर लिहून दिली, जेणेकरून दुसऱ्या जिल्ह्यातील डॉक्टरांना ती वाचून पुढे चालवता यावी. गोळ्या भावजयीच्या हातून रोज घ्यायच्या असे ठरले, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये घालून दिला. हंगामात त्याने त्यावर बोलूनही पाहिले. पलीकडचा माणूस मराठीत बोलतो याचेच त्याला आधी आश्चर्य वाटले.

मुकादमाकडून उचल रोख मिळते आणि तिचा पहिला भाग बहुधा गुत्त्यावर जातो, म्हणून यंदा उचल भावजयीच्या खात्यावर जमा करण्याची अट आम्ही घातली. मुकादम कुरकुरला, पण मान्य झाला. कारखान्याच्या जवळच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, हे भावाने या वेळी निघण्यापूर्वीच विचारून ठेवले आहे.