आशियाई महिला व्हॉलीबॉल स्पर्धा नागपूरने मागावी का?

मानकापूरकर :
माझं मत स्पष्ट आहे, मागावी आणि जोर लावून मागावी. आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा १९७५ला मेलबर्नमध्ये सुरू झाली. २०२३पर्यंतच्या २१ स्पर्धांत विजेते तीनच देश आहेत : चीन १३ वेळा, जपान ५ आणि थायलंड ३. यातला थायलंड आपल्याला सगळ्यात जास्त शिकवू शकतो. त्यांनी ही स्पर्धा २००१, २००७, २०१३ आणि २०२३ अशी पुन्हा पुन्हा नाखोन रात्चसिमाला नेली. ते राजधानीचं शहर नाही, बँकॉकपासून अडीचशे किलोमीटर आत आहे. २०१३ला तिथेच जपानला हरवलं, २०२३ला तिथेच चीनला ३-२. आज त्या शहराचं नाव व्हॉलीबॉल कळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

नागपूर तसं का होऊ नये? मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल आहे, विमानतळ आहे, देशाच्या मधोमध असल्याने कुठूनही येणं सोपं. ही स्पर्धा बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात असते, पण खेळ हॉलमध्ये, पावसाचा प्रश्न नाही. २०२६ची चीनमधल्या तियान्जिनला आहे, त्यानंतरच्या एखाद्या वर्षासाठी आतापासून बोलायला लागा.

मुरूमाचं_मैदान :
भाऊ, तुमची तळमळ कळते, पण क्रम उलटा लावून राहिले तुम्ही. थायलंडने नुसता हॉल भरवला आणि संघ आला, असं झालेलं नाही. प्रशिक्षक किआट्टीपाँग यांनी कमी उंचीच्या मुलींचा एक गट वर्षानुवर्षं एकत्र ठेवला. नूतसारा टोमकॉमसारखी सेटर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी खेळाडू, त्यातूनच घडली. बॉल तिच्या हातात आला की तो कुठे जाणार हे समोर नेटवर अडवणाऱ्यांना कळायच्या आत स्मॅश झालेला असायचा. २००९ला हा संघ पहिल्यांदा आशियाई विजेता झाला, तोही घरी नाही, हनोईत.

आपल्याकडे काय आहे ते सांगतो. मी शाळेत खेळ शिकवतो. आमच्या मैदानावर नेटची एक दोरी बास्केटबॉलच्या खांबाला, दुसरी कडुलिंबाला. मध्ये नेट लोंबते, तिथे २.२४ मीटर उंची कधीच भरत नाही. त्यामुळे मुलींना वाटतं की आपला स्मॅश जोरदार आहे. पक्क्या कोर्टवर गेल्या की तोच बॉल नेटमध्ये. आणि खाली मुरूम! मुरूमावर डाइव्ह कोण मारणार? एकदा कोपर सोलून निघालं की मुलगी पुन्हा खाली झुकत नाही. बचाव शिकायचा तो जमिनीवर पडून, आणि आमच्या मुलींना पडायला जागाच नाही. चांगली लिबेरो, म्हणजे फक्त बचाव करणारी खेळाडू, इथून निघणार कशी?

जुनी_गिरणी :
मुरूमभाऊंच्या मुद्द्याला इतिहासातून जोड देते. १९६४ला टोकियोत व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि जपानच्या मुलींनी शेवटच्या साखळी सामन्यात सोव्हिएत संघाला ३-०ने हरवलं. त्यातल्या बहुतेक जणी निचिबो काइझुका या सूतगिरणीच्या संघातल्या. प्रशिक्षक दाइमात्सु यांनी त्यांना लोळण घेऊन बॉल उचलायला आणि त्याच झोकात उभं राहायला शिकवलं. कामाची पाळी संपली की सराव, रात्री उशिरापर्यंत. सरावाची ती पद्धत फार कठोर होती आणि आज कुणी तसं करू नये, हेही सांगते. पण मुलींना नोकरी होती, हॉल होता, प्रशिक्षक होता. एकेकाळी एम्प्रेस मिल, मॉडेल मिल असलेल्या आपल्या शहराला ही गोष्ट जवळची वाटायला हवी. खेळाडू तिथे टिकते, जिथे तिच्या पोटाची सोय असते.

मानकापूरकर :
ताई, नोकरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. भारतात महिला व्हॉलीबॉल आज कुणी तोलून धरलं असेल तर रेल्वेने. नागपुरात रेल्वेचे दोन विभागीय मुख्यालय आहेत, मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य. मग इथल्या मुलींना हा रस्ता दिसत का नाही? कारण चांगला सामना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. प्राइम व्हॉलीबॉल लीग २०२२ला सुरू झाली, ती फक्त पुरुषांची. टीव्हीवर मुलींना स्वतःसारखं कोण दिसतं? आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आली तेव्हा विमानतळावर किती लहान मुली आई-बापांना घेऊन आल्या होत्या, आठवा. आपल्या शहरात जपान आणि थायलंडच्या मुली खेळताना पाहिल्या तर दहा बाप तरी म्हणतील, जा बेटा, तूही खेळ.

मुरूमाचं_मैदान :
बुद्धिबळाला पट आणि चांगला गुरू मिळाला की घरात सराव होतो. व्हॉलीबॉलला बारा जणी, नेट आणि सपाट जमीन लागते. बाप हो म्हणेल हो. पण दहावीनंतर ती मुलगी संध्याकाळी सहाला खेळणार कुठे? दिवा नाही, कपडे बदलायला खोली नाही, परतीची बस नाही. माझ्या चांगल्या चांगल्या मुली इथेच सुटल्या, गुडघ्याच्या दुखापतीने नाही.

कॉर्नर_सर्व्हिस :
दोघांनाही विचारतो, पैसा कोणता? आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा निधी आणि शाळेच्या कोर्टचा निधी एका खिशातून येत नाही. स्पर्धा नाकारली म्हणून ते पैसे मुरूमाच्या मैदानावर येतील, असं कुणाला वाटतं? माझं मत स्पर्धेच्या बाजूने. मात्र देशाच्या व्हॉलीबॉल महासंघाचे वाद वर्षानुवर्षं कोर्टात आणि तात्पुरत्या समित्यांत अडकत आलेत, तेव्हा यजमानपदाचा अर्ज करणार कोण, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

जुनी_गिरणी :
खिसा वेगळा असेल, पण मनुष्यबळ एकच आहे. मोठी स्पर्धा आली की जिल्ह्यातले सगळे क्रीडाशिक्षक महिनाभर पास वाटणं, पाहुण्यांच्या गाड्या बघणं यात जातात, आणि त्याच काळात शालेय स्पर्धा असतात. तेव्हा मुलींचे सामने एका दिवसात उरकून टाकले जातात, पाचऐवजी तीन सेट.

मानकापूरकर :
मग अट घालून मागूया. आशियाई स्पर्धेसाठी जो सिंथेटिक कोर्ट अंथरला जाईल, तो स्पर्धा संपल्यावर गुंडाळून ठेवायचा नाही, शाळांना द्यायचा. प्रत्येक पाहुण्या संघाने एक सकाळ इथल्या मुलींसोबत सराव करायचा. आणि सामन्यांच्या तिकिटांतला ठरावीक वाटा शालेय मुलींच्या प्रवासाला.

मुरूमाचं_मैदान :
या अटी लेखी असतील तर मी तुमच्या बाजूने अर्जावर सही करतो. पण पहिली अट माझी घाला. त्याआधी दोन वर्षं मानकापूरचा हॉल आठवड्यातून तीन संध्याकाळी, दिवे लावून, मनपा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना मोफत. बसची सोय धरून. हे जमत नसेल, तर चीन-जपानचा सामना आणून काय दाखवणार तुम्ही त्यांना?

कॉर्नर_सर्व्हिस :
मुरूमभाऊ, ही अट क्रीडा अधिकाऱ्यांकडे देण्यासाठी मसुदा मी लिहायला घेतो. मला शाळांची नावं आणि मुलींची संख्या पाठवा.