पावणेपाचला गेट कोण उघडतं?

१४ जून

साठे काकू (सी-३०१): नमस्कार मंडळी. रोज पहाटे पावणेपाचला मोठ्या गेटची कडी खणकन वाजते. माझी खिडकी बरोब्बर वर आहे. गेट साडेपाचला उघडायचं ठरलंय ना? कोण आहे ते कळेल का?

सेक्रेटरी: वॉचमनमामांना विचारतो.

कुलकर्णी (बी-१०२): मामा त्या वेळी घोरत असतात. ते काय सांगणार!

मनू (सी-५०४): सॉरी काकू, मी असते. सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावायचीय. कॉलेज साडेसातचं, म्हणून तळजाई टेकडीवर लवकर जावं लागतं. उद्यापासून कडीला फडकं गुंडाळते.

कुलकर्णी (बी-१०२): हाफ म्हणजे अर्धीच का? पूर्ण का नाही?

रोहितदादा (ए-२०३): काका, अर्धी म्हणजे २१.०९७५ किमी. आणि साताऱ्याची अर्धी सपाटीवरच्या अर्धीसारखी नसते. गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि वळून तोच घाट उतरायचा. पहिला निम्मा चढ, दुसरा निम्मा उतार.

कुलकर्णी (बी-१०२): उतार म्हणजे मग मजाच की.

रोहितदादा (ए-२०३): एकदा उतरून बघा.

फडके आजोबा (सी-१०१): मी मूळचा साताऱ्याचा. यवतेश्वरला श्रावणी सोमवारी चालत जात असू. तेव्हा त्याला कोणी मॅरेथॉन म्हणत नसे. मनू, माझ्याकडे येऊन जा.

साठे काकू (सी-३०१): मनू, धावायला माझी ना नाही बाळा. पण पावणेपाचला एकटी? तळजाईच्या रस्त्यावर कुत्री किती आहेत!

मनूची आई (सी-५०४): काकू, तेच रोज सांगतेय मी. ऐकेल तर शपथ.

साठे काकू (सी-३०१): असं करू. आमचा चालायचा ग्रुप साडेपाचला निघतो, तो पाचला काढू. पायथ्यापर्यंत सोबत होईल. नाहीतरी त्या कडीने मला जाग येतेच.

२ जुलै

रोहितदादा (ए-२०३): मनूचा आठवडा खाली देतोय. जिन्यात सगळे मलाच विचारतायत म्हणून. सोमवार सुट्टी. मंगळवारी सणस मैदानावर ४०० मीटरच्या फेऱ्या, मध्ये थोडं चालणं. बुधवारी हलकं. गुरुवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या, चढून-उतरून आठ वेळा. शुक्रवारी सुट्टी, शनिवारी हलकं, रविवारी लाँग रन.

कुलकर्णी (बी-१०२): दोन-दोन सुट्ट्या? आमच्या वेळी रोज धावायचे लोक.

रोहितदादा (ए-२०३): काका, पाय धावताना तयार होत नाही, विश्रांतीत होतो. आणि हलकं म्हणजे खरंच हलकं. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून एकेक शब्द यायला लागला की वेग जास्त झाला.

साठे काकू (सी-३०१): या हिशोबाने आमचा ग्रुप कायम बरोबर वेगात असतो.

१९ जुलै

मनूची आई (सी-५०४): डॉक्टरताई, ग्रुपवरच विचारते. मनूला आठ दिवस झाले, नुसता थकवा. जिना चढली की बसते. धावणं बंद करू का?

डॉक्टरताई (डी-१०४): बंद नको, आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), दोन्ही. धावणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी असणं अगदी नेहमीचं आहे.

कुलकर्णी (बी-१०२): बीट खायला द्या. गूळ-शेंगदाणे द्या. आमच्या हिला बिटानेच

कुलकर्णी (बी-१०२): हा मेसेज हिने अर्धा टाइप करू दिला. सॉरी.

मनूची आई (सी-५०४): रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १०.४.

डॉक्टरताई (डी-१०४): बायकांमध्ये १२च्या वर हवं. संध्याकाळी घेऊन या, गोळ्या लिहून देते. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा-मागचा तासभर चहा नाही. चहा लोह अंगी लागू देत नाही. बीट खा, पण १०.४ बिटाने भरून निघत नाही, कुलकर्णी.

मनू (सी-५०४): चहा???

साठे काकू (सी-३०१): मनू, आता तळजाईवरून उतरल्यावर टपरीवर दिसलीस तर फोटो काढून इथे टाकीन.

११ ऑगस्ट

मनू (सी-५०४): नडगी दुखतेय. १४ वरून एकदम १८ किमी केले.

रोहितदादा (ए-२०३): मी १५ सांगितले होते.

मनू (सी-५०४): छान वाटत होतं म्हणून...

डॉक्टरताई (डी-१०४): चार दिवस धावणं बंद. आणि बूट घेऊन ये.

डॉक्टरताई (डी-१०४): मंडळी, बूट बघितले. उजव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेने इतकी घासलीय की टेबलावर ठेवला की कलंडतो. यांत ही १८ किमी धावली.

मनूचे बाबा (सी-५०४): अरे देवा. मला सांगितलंच नाही तिने. परवा नवीन घेतो.

फडके आजोबा (सी-१०१): काल मनू रडवेली बसली होती माझ्याकडे. मी तिला ललिता बाबरची गोष्ट सांगितली. ती आमच्या साताऱ्याची, माण तालुक्यातल्या मोही गावची. माण म्हणजे पाऊस वाट चुकून येतो असा मुलूख. तिथली ही मुलगी २०१६ साली रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४ला पी. टी. उषा पोचली होती, त्यानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या ऑलिंपिक फायनलमध्ये भारताची बाई दिसली. त्या शर्यतीत २८ वेळा अडथळा ओलांडायचा आणि वर सात वेळा पाण्यावरून उडी. मनूला म्हटलं, तुझ्या वाटेत फक्त कुलकर्णी आहेत.

कुलकर्णी (बी-१०२): आजोबा!!

सप्टेंबर, शर्यतीचा रविवार

साठे काकू (सी-३०१): सुटली का? साताऱ्यात पाऊस आहे का?

मनूचे बाबा (सी-५०४): पोलीस परेड ग्राउंडवर उभा आहे. भुरभुर आहे. सुटली. एवढी माणसं गेली पुढून, मला मनू दिसलीच नाही. दुसऱ्याच मुलीला हात केला.

सेक्रेटरी: एक सूचना. आज ११ ते १ टाकी धुण्यासाठी पाणी बंद.

साठे काकू (सी-३०१): अहो, आत्ता काय पाणी!

रोहितदादा (ए-२०३): ट्रॅकिंग लिंकवर दिसलं. वळणाच्या मॅटवर १ तास १२ मिनिटं. चढ मस्त केला. आता उतारावर सुटली नाही म्हणजे झालं.

कुलकर्णी (बी-१०२): सुटली तर लवकर येईल ना?

रोहितदादा (ए-२०३): मांड्यांवर ब्रेक लागतात काका. घाट संपला की पाय सपाटीला लागतात आणि तेव्हाच पेटके येतात. म्हणून तर सिंहगडचा घाट तीनदा उतरवून घेतला तिच्याकडून. चढताना मागून बाइकवर चाललो होतो मी.

साठे काकू (सी-३०१): म्हणजे तू धावलाच नाहीस.

मनूचे बाबा (सी-५०४): आली आली आली

मनूचे बाबा (सी-५०४): २ तास १६ मिनिटं ५ सेकंद!! रडतेय. मी नाही, ती.

मनूचे बाबा (सी-५०४): मीपण.

रोहितदादा (ए-२०३): काका, ती गन टाइम. चिप टाइम २:१४:३८. मनूची वेळ तीच धरायची. सुरुवातीची रेघ ओलांडेपर्यंत गर्दीत गेलेलं दीड मिनिट तिच्या माथी कशाला?

कुलकर्णी (बी-१०२): सव्वादोनच्या आत! वा! पहिली कितवी आली?

रोहितदादा (ए-२०३): "पहिली कितवी" म्हणजे काय काका?

मनू (सी-५०४): सगळ्यांना थँक्यू!! हे बघा, डाव्या अंगठ्याचं नख. उतारावर बुटाला आपटून आपटून पूर्ण काळंनिळं झालंय. आता पडेल म्हणतायत.

सेक्रेटरी: कृपया असे फोटो जेवणाच्या वेळी टाकू नयेत.

साठे काकू (सी-३०१): टाक गं. मी हळदीचा लेप देते.

डॉक्टरताई (डी-१०४): नखाला हात लावायचा नाही. कोणीही. हळदीचाही नाही.

पुढचा बुधवार

मनू (सी-५०४): महिनाअखेरच्या शनिवार-रविवारी आम्ही मित्रमंडळी साताऱ्याला जातोय. कास, ठोसेघर, सज्जनगड. सेलिब्रेशन! रविवारी दुपारी सोसायटीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, ते जमणार नाही.

सेक्रेटरी: मनू, त्याच रविवारी सकाळी वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तारीख हलणार नाही.

मनू (सी-५०४): मी सभासद नाही, काका. आई येईल.

कुलकर्णी (बी-१०२): मित्रमंडळी म्हणजे... किती जण? सहज विचारतो.

मनूची आई (सी-५०४): तीन मुली, दोन मुलगे. सगळ्यांच्या आयांशी बोलणं झालंय. मुक्काम मैत्रिणीच्या मावशीकडे. अजून काही सहज विचारायचंय का?

कुलकर्णी (बी-१०२): नाही नाही. काळजी.

साठे काकू (सी-३०१): आत्ताच जाऊन आलीस ना गं साताऱ्याला?

मनू (सी-५०४): काकू, गेले कुठे, धावले. अख्ख्या घाटात मला पुढच्या एका काकांचे पिवळे मोजे दिसत होते. दरी कुठे होती ते माहीत नाही. आता त्याच रस्त्याने बसमध्ये खिडकीशी बसून जायचंय.

रोहितदादा (ए-२०३): कासचं ऑनलाइन बुकिंग आधी करा, रोजची संख्या ठरलेली असते. शनिवार-रविवार लगेच भरतात.

मनू (सी-५०४): सकाळचा स्लॉट मिळालाय. स्वारगेटहून एसटी, मुलींना अर्धं तिकीट. साताऱ्याहून बामणोलीची गाडी कासवरून जाते.

फडके आजोबा (सी-१०१): मला ७५ पूर्ण होऊन तीन वर्षं झाली. एसटीत माझं तिकीट शून्य. बहीण साताऱ्यालाच आहे. मुलांची हरकत नसेल तर मी येतो. त्यांच्यामध्ये बसणार नाही, मागे बसेन.

मनू (सी-५०४): आजोबा, खिडकी तुमची!

सेक्रेटरी: आजोबा, सभेत तुमचं मत धरलं होतं हो मी. दुरुस्ती निधीचा ठराव आहे.

फडके आजोबा (सी-१०१): म्हणूनच चाललोय.

सहलीचा रविवार, रात्री

मनू (सी-५०४): पोचलो घरी. आजोबा सुखरूप. खंबाटकीनंतर झोपले ते थेट खेड शिवापूरच्या टोलनाक्याला उठले.

साठे काकू (सी-३०१): फुलं होती का?

मनू (सी-५०४): तेरड्याने सगळं गुलाबी! मधेमधे पांढरे गेंद, पिवळे मिकी माउस. पण मला सगळ्यांत आवडली सीतेची आसवं. निळी-जांभळी, एवढीशी. नीट बघायला गुडघ्यावर बसावं लागतं, ओल्या कातळावर. गाइडकाका म्हणाले, कीटक खाणारी आहेत. जांभ्या दगडावर माती बोटभरसुद्धा नाही, झाडाला खायला काही मिळत नाही, म्हणून मुळाशी बारक्या पिशव्या असतात, त्यात पाण्यातले किडे पकडतात. एवढ्या नाजूक फुलाचे हे धंदे! टोपली कारवी मात्र नव्हती, ती सात वर्षांनी फुलते.

मनूची आई (सी-५०४): आणि ठोसेघर?

मनू (सी-५०४): ऐकला धबधबा. दिसला नाही. इतकं धुकं की कठड्याला हात लावून उभे होतो आणि समोर नुसता आवाज. अर्धा तास थांबलो. एकदाच दोन सेकंद पांढरी रेघ दिसली, तेवढ्यात आमच्यातला एक शिंकत होता, त्याची तीपण हुकली.

रोहितदादा (ए-२०३): आणि घाट? पिवळ्या मोज्यांशिवाय?

मनू (सी-५०४): दादा, एका बाजूला कण्हेर धरणाचं पाणी, दुसरीकडे उरमोडीचं. खाली सातारा, पलीकडे अजिंक्यतारा. आणि ज्या वळणावर मला वाटलं होतं की आता मरते, तिथे कणसाची गाडी लागते. त्या दिवशी नव्हती. असती तर २:१४ झालेच नसते.

फडके आजोबा (सी-१०१): मुलं मला सज्जनगडावर घेऊन गेली. समर्थांच्या समाधीचं दर्शन झालं. पुन्हा होईल असं वाटलं नव्हतं. पायऱ्या मीच चढलो. मनू शेजारी होती. दर थोड्या पायऱ्यांनी विचारायची, "आजोबा, पूर्ण वाक्यात बोलता येतंय का?" मी दरवेळी तिला पूर्ण वाक्यात सांगितलं, की गप्प बस.

सेक्रेटरी: सभेचा वृत्तांत : १० वाजता गणसंख्या अपुरी. अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी घेतली. दुरुस्ती निधीचा विषय पुढे ढकलला. आयत्या वेळच्या विषयात साठे काकूंच्या सूचनेवरून मोठ्या गेटच्या कडीला रबर बसवणे, खर्च १२० रुपये, एकमताने मंजूर.

मनू (सी-५०४): काकूऽऽ!

साठे काकू (सी-३०१): ते फडकं बघवत नव्हतं, इतकं मळलं होतं. बाकी काही नाही.

मनू (सी-५०४): मोती चौकातून कंदी पेढे आणलेत सगळ्यांना. ए, सी, डी विंगला वाटून झाले.

कुलकर्णी (बी-१०२): बी विंगचं काय? बीट सुचवलं ते मीच. हे लक्षात ठेवलं जाईल.

मनू (सी-५०४): काका, दहा मिनिटं डबा घेऊन तुमच्या दाराबाहेर उभी आहे. तुमची बेल बंद आहे.