‘टेक्निकल डेट’ला मराठीत काय म्हणाल? कर्ज, उधारी की नुसत्या पाट्या?

दादर नाईट बॅच
नमस्कार मंडळी. दादरला एका छोट्या क्लासमध्ये संध्याकाळी प्रोग्रामिंग शिकवतो, पोरं बहुतेक मराठी माध्यमातली, दिवसभर कुरिअर नाहीतर मेडिकलच्या दुकानात काम करून येतात. नोट्स मराठीत काढतोय. व्हेरिएबल, लूप, फंक्शन तसंच ठेवलंय, उगाच ‘चल’ वगैरे शिकवून पोरांना इंटरव्ह्यूत तोंडघशी पाडायचं नाहीये. पण ‘टेक्निकल डेट’ला अडलो. ‘तांत्रिक कर्ज’ लिहिलं तर एकाने विचारलं, सर म्हणजे लॅपटॉप ईएमआयवर घेतो ते का 😀 मला कळलेला अर्थ असा की आज घाईघाईत कसाबसा कोड लिहिला तर पुढच्या प्रत्येक बदलाला जास्त वेळ जातो, तो जादा वेळ म्हणजे व्याज. शब्द सुचवा.

मुलुंड स्लो
जुगाड. विषय संपला.

पाटीपेन्सिल
जुगाड नको हो, तो लोक कौतुकाने पण म्हणतात, ‘काय जुगाड केलास!’ असं. शिवाय त्यात परतफेड कुठेय?

‘ऋण’ पण नको, आपण ‘मी आपला ऋणी आहे’ म्हणतो आणि त्यामुळे ‘तांत्रिक ऋण’ वाचलं की सत्कार समारंभ आठवतो, शाल-श्रीफळ. कर्जाला कागदपत्रं आली, जामीनदार आला, हप्त्याची तारीख आली, म्हणजे किती घेतलं ते दोन्ही बाजूंना माहीत असतं. उसनं म्हणजे शेजारून आणलेली वाटीभर साखर, परत द्यायची पण वाटीची सव्वा वाटी नाही. आणि उधारी वाण्याच्या वहीत चढत जाते, महिनाअखेरीस बघितलं की डोळे पांढरे. मला तरी कोडचं प्रकरण उधारीच्या जवळचं वाटतं, कारण कोणी सही करून घेत नाही, नुसतं ‘लिहून ठेवा’ म्हणतात.

जाता जाता, संस्कृतात व्याज म्हणजे सोंग, निमित्त, कपट. ‘निर्व्याज प्रेम’ त्यातलंच. कोडचं व्याजही सोंग घेऊनच येतं, ‘छोटासा चेंज आहे, दोन दिवस लागतील’.

सीप्झची जुनी बस
थोडं लांबणार आहे, लोकलमध्ये बसायला जागा मिळालीय त्यामुळे लिहितोच. हा शब्द वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९२ मध्ये ऊप्स्ला या प्रोग्रामिंगवरच्या परिषदेत वापरला. तो तेव्हा वायकॅश नावाचं गुंतवणुकीचे हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर करत होता, स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेत, आणि काम पैशाचं म्हणून उपमाही पैशाची. (हाच तो पहिली विकी, म्हणजे कोणीही बदल करू शकेल अशी वेबसाइट काढणारा, १९९५ मध्ये, आणि ‘विकी’ हा शब्द त्याने होनोलुलू विमानतळाच्या बसवरून उचलला, म्हणजे शब्द हेरायची खोडच माणसाला. इथे असता तर रोज भांडला असता आपल्याशी.)

पण वर जो अर्थ दिलाय, घाईघाईत कसाबसा लिहिलेला कोड, तो त्याचा अर्थ नाही. २००९ मध्ये त्याने एका व्हिडिओत मुद्दाम सांगितलं की वाईट कोड लिहायला माझा कधीच पाठिंबा नव्हता. म्हणणं असं की आज विषय जेवढा कळलाय तेवढ्यावर पण नीट लिहा, लोकांच्या हातात द्या, वापरातून अजून कळेल, मग कोडला त्या नव्या समजुतीप्रमाणे बदला. बदललं नाहीत तर कोड एक बोलतो आणि तुमचं डोकं दुसरं, आणि त्या दोघांत दुभाष्याचं काम करण्यात जो वेळ जातो ते व्याज.

एक अनुभव सांगतो, नाव नाही सांगत. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आमच्याकडे दुरुस्तीला आलं. त्यात दोन भानगडी. पहिली, लिहिणाऱ्यांना सुरुवातीला सांगितलं होतं की सगळी कर्जं सरळ व्याजाची, वर्षभराने घटत्या शिलकीवरची कर्जं आली, तर मूळ हिशोब न बदलता त्यांनी ठिकठिकाणी ‘असं असेल तर तसं’ घुसवलं, मी मोजलं नाही पण स्क्रोल करून बोट दुखलं. दुसरी, रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश चिन्हाच्या संख्या म्हणून ठेवलेल्या. आता कॉम्प्युटर बायनरीत मोजतो, त्यात ०.१ नेमका बसतच नाही, ०.१ अधिक ०.२ केलं तर दशांशानंतर सतराव्या घरात एक ४ डोकावतो. हजारो नोंदींची बेरीज केली की ताळेबंद पैशांनी चुकतो आणि बिचारा क्लार्क रात्री आठपर्यंत बसून ते पैसे शोधतो.

माझ्या मते पहिली भानगड कर्ज, दुसरी नाही. दुसऱ्यात काही घेतलंच नाही, वेळसुद्धा वाचला नाही! रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात ठेवली असती तर तेवढाच वेळ लागला असता. त्याला माहीत नव्हतं एवढंच.

पाटीपेन्सिल
मग त्याला अडाणीपणा म्हणा की सरळ.

सीप्झची जुनी बस
म्हणतोच. आणि माहीत असून जो करतो तो पाट्या टाकतो. मॅनेजर लोक तिन्हीला ‘टेक डेट’ म्हणून एकाच खात्यावर टाकतात. खरं तर अडाणीपणाला शिकवणं लागतं, पाट्या टाकणाऱ्याचा कोड दुसऱ्या कोणीतरी रिव्ह्यू करायला लागतो, आणि कर्जाला फेडायला वेळ लागतो. तीन वेगळी औषधं, आणि आपण सगळ्यांना पॅरासिटॅमॉल.

वायटूके, म्हणजे २००० सालचा तारखांचा घोळ, मात्र अस्सल कर्ज. पंचकार्डाला कॉलम ८०, मेमरी महाग, त्यात सालाचे पुढचे १९ लिहिणं म्हणजे चैन, म्हणून जाणूनबुजून दोनच अंक. फेडायला पुढची पिढी. लोकांची ती देणी फेडत आमचा डोंबिवलीचा वनबीएचके झाला, त्यामुळे मी फार वाईट बोलणार नाही.

गिरगावकर
कर्ज कर्ज काय, शब्द आमच्या चाळीत उभा आहे. टेकू! बाल्कनी खचली म्हणून पावसाळ्यापुरता लाकडी टेकू लावला, किती पावसाळे गेले विचारू नका, आता त्यावर कपडे वाळतात, खाली एकाची सायकल बांधलेली असते आणि कुठला टेकू काढला तर काय कोसळेल ते कोणालाच माहीत नाही म्हणून कोणी हात लावत नाही. माझा मुलगा ऑफिसच्या कोडबद्दल हेच्च बोलतो, वाक्य न वाक्य.

मुलुंड स्लो
काका एक नंबर 😂 जुगाड मागे घेतो.

पाटीपेन्सिल
टेकू झकास, पण तो ‘वर्कअराउंड’ला, म्हणजे तात्पुरत्या पळवाटेला ठेवूया ना. टेकू ही वस्तू, उधारी हा त्याचा हिशोब.

दादर नाईट बॅच
हे पटलं. मग फेडण्याला, म्हणजे रिफॅक्टरिंगला? ‘पुनर्रचना’ म्हटलं की पोरांना सगळं पाडून नवीन बांधायचंय असं वाटतं, म्हाडासारखं.

पाटीपेन्सिल
आवराआवर. स्वयंपाकघर आवरलं तरी भांडी तीच, डबे तेच, चहा पूर्वीसारखाच, फक्त साखर अंधारात पण सापडते. रिफॅक्टरिंगमध्ये पण बाहेरून वागणं बदलायचं नसतं ना? आणि आपल्याकडे ‘हातासरशी’ असा सुंदर शब्द आहे, दुसऱ्या भाषेत द्यायला तीन-चार शब्द लागतील. बग काढायला फाइल उघडलीच आहे तर हातासरशी चार नावं पण नीट करून टाक.

सीप्झची जुनी बस
हातासरशी ठीक पण हाताखाली कोड तपासणाऱ्या टेस्ट असायला हव्यात, नाहीतर चहात मीठ गेलंय ते गिऱ्हाइकाकडून कळतं. आणि डेड कोडला ‘अडगळ’ लिहा. नाईट कॅपिटलचं सांगा पोरांना, १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर दलाली कंपनी. २००३ पासून न वापरलेला कोड माळ्यावर तसाच पडलेला, नव्या कोडला त्याच जुन्या कोडचा फ्लॅग (चालू-बंदची खूण) दिला, आणि आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड टाकायचा राहिला. तिथे अडगळ जागी झाली. ४५ मिनिटांत सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले.

गिरगावकर
४४ कोटी?? आणि आमची सोसायटी टेकूच्या पाचशे रुपयांवरून भांडते.

दादर नाईट बॅच
नोट्समध्ये घेतलं: उधारी, व्याज, टेकू, अडगळ, आवराआवर. ‘पाट्या टाकणे’ आजच वर्गात वापरलं, मागच्या बाकावरून आवाज आला, सर ते आम्हाला माहितीये, आम्ही दिवसभर तेच करतो. आता ‘रिग्रेशन’ला शब्द द्या, एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडतं ते.

मुलुंड स्लो
मेगाब्लॉक नंतरचा सोमवार.