केबल कनेक्ट होत नाही म्हणजे ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) गेला? कुणी सांगितलं?

धुरळा:
परवा एका गटात एकाने विचारलं, "ओबीडीची (गाडीचे दोष वाचायच्या सॉकेटची) केबल लावली, लॅपटॉपवर 'अनएबल टू कनेक्ट' (जोडता येत नाही) येतंय, काय करू?" खाली एका जाणत्याचं उत्तर: "ईसीयू गेला. चाळे बंद करा, गाडी गॅरेजला न्या." आणि त्यावर अंगठ्यांचा पाऊस.

गाडी स्टार्ट होतेय, पळतेय, आणि ईसीयू गेला? मग इंधन सोडणारे इंजेक्टर कोण उघडतंय, तुमचे मामा?

आधी सॉकेटमध्ये वीज येतेय का बघा की. १६ नंबरची पिन बॅटरीचा प्लस, ४ नंबर अर्थिंग. मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसले पाहिजेत. नाही दिसले तर फ्यूज. बऱ्याच गाड्यांत या सॉकेटचा आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. चार्जर नाहीतर हवेचा पंप लावून तो आपणच उडवलेला असतो. मग इग्निशन ऑन करा (चावी खिशात ठेवून केबल खोचणारे पाहिलेत मी). कॅनवाली (आतले संगणक कॅन नावाच्या दोन तारांवर बोलतात अशी) गाडी असेल तर चावी काढा, दहा मिनिटं थांबा आणि ६ व १४ नंबरच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर, म्हणून ६० च्या आसपास यायला हवा. १२० आला तर एक बाजू तुटलीय. एवढ्यासाठी गाडी दिवसभर सोडून यायची?

पाना_बारा:
साहेब, तो जाणता मी नव्हे, पण बाजू त्याचीच घेणार. बावीस वर्षं गॅरेज आहे माझं. "मल्टिमीटर लावा" लिहायला काय जातंय? गेल्या महिन्यात एकाने जाडजूड प्रोब खुपसून पिनांची तोंडं अशी फाकवली की माझा स्कॅनरही हाताने दाबून धरावा लागला. दुसऱ्याने १६ नंबरातून प्रोब घसरवला, ठिणगी, फ्यूज खल्लास. तुमची पाच मिनिटं माझ्याकडे दोन दिवस होऊन येतात.

चकलीपात्र:
आणि ते दोन दिवस तुम्ही फुकट देता होय? स्कॅनिंगचे ५०० कशाचे? वायर लावायची, दोषाचा कोड खोडायचा, चार दिवसांनी इंजिनचा दिवा परत हजर. बाबांच्या गाडीचा दिवा असा तीनदा "दुरुस्त" झाला. शेवटी एअर फिल्टरपासून येणारा रबरी पाइप चिरलेला निघाला. मलाच दिसला, बॉनेट उघडल्यावर!

पाना_बारा:
तो मेकॅनिक मी होतो का? मग माझ्यावर का ओरडता. डॉक्टरला तपासायचे पैसे देता ना, का ताप उतरल्यावर देता?

चकलीपात्र:
डॉक्टर निदान तपासतो तरी.

चिपाड:
तुमचं चालू द्या. मूळ रोग केबलमध्येच असतो, हे कुणी बोलत का नाही? सॉकेटात खोचायच्या ३०० रुपयांच्या त्या निळ्या डबीवर "ईएलएम३२७ आवृत्ती १.५" (आतल्या चिपचं नाव) छापलेलं असतं. ही चिप बनवणाऱ्या कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने १.५ कधी काढलीच नाही. पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षण नव्हतं, ती उचलली गेली आणि पुढे नकलांच्याही नकला निघाल्या. काहींमध्ये के-लाइनचा (जुन्या गाड्यांची एका तारेवरची बोली) भागच गाळलेला असतो. ७ नंबरच्या पिनवर बोलणारी जुनी गाडी असेल तर डबी जन्मभर जोडली जाणार नाही. लाल दिवा लागला म्हणजे १६ आणि ४ ला वीज आली, बाकी काही नाही.

यूएसबी केबलचं तेच. २०१४ च्या ऑक्टोबरात एफटीडीआयचा (यूएसबी केबलमधली चिप बनवणारी कंपनी) ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळखक्रमांक शून्य करून टाकला. केबल ठार. बरोबरच केलं. चोरीचा माल घ्यायचा आणि वर रडायचं.

धुरळा:
बरोबर केलं?? दुकानात केबल उघडून आतली चिप कोण बघतं? फसला गिऱ्हाईक आणि हातोडा त्याच्याच डोक्यात! ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, हे सोयीस्कर विसरलात.

चिपाड:
घेतला, आणि २०१६ मध्ये नवा आणला. तो केबल मारत नाही, डेटाच्या जागी "हे अस्सल नाही" असं लिहून पाठवतो. तीनशे रुपयांत अस्सल मिळेल असं वाटणाऱ्याला तेवढं वाचायला हरकत नसावी.

धुरळा:
माझी बाराशेची होती. तीही नकली निघाली. आता काय, सोनाराकडून कसोटी लावून घेऊ?

चकलीपात्र:
बाराशे म्हणजे जवळजवळ अडीच स्कॅनिंग.

पाना_बारा:
तुमचं ते ५०० काही सुटत नाही बुवा. बरं, एक कबूल करतो, चिपाडरावांचा मुद्दा खरा आहे. माझ्याकडे येणाऱ्या "ईसीयू गेला"पैकी बऱ्याचशा गाड्या माझ्या स्कॅनरला मुकाट बोलतात. पण म्हणूनच म्हणतो, गाडी आणा. खात्री तिथंच होते.

धुरळा:
म्हणजे ईसीयू गेलेला नसतो, हे तुम्हीच लिहिलंत. आभारी आहे, फ्रेम करून लावतो.

नवशिका_०७:
नमस्कार, त्या गटात प्रश्न विचारणारा मीच. धुरळादादांनी सांगितल्याप्रमाणे बघितलं, लायटरचा फ्यूज खरंच उडाला होता. वीस रुपयांत काम झालं, आता डबीचा लाल दिवा लागतो. पण 'अनएबल टू कनेक्ट' तसंच आहे. गाडी २००९ ची आहे, सॉकेटमध्ये ६ आणि १४ ला पिनाच नाहीत.

चिपाड:
के-लाइन. आणि डबीवर १.५ लिहिलंय, बरोबर? शिवाय आपल्याकडे ओबीडी-२ (सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच भाषा) सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. २००९ च्या गाडीला सोळा पिनांचं सॉकेट असलं तरी ती कंपनीचीच भाषा बोलत असेल, साध्या ॲपला ती कळायची नाही.

नवशिका_०७:
हो, १.५ च. मग आता नवी केबल घेऊ की गॅरेजला नेऊ?

पाना_बारा:
आणा. पाचशे.

चकलीपात्र:
बघा!!