पिल्लाच्या शेपटीखाली तांदळाच्या कण्या! लेकीला काही होईल का?

मोतीची_आई:
जूनमध्ये गल्लीतलं पिल्लू घरी आणलं. पोट नगाऱ्यासारखं, म्हणून मेडिकलमधून जंताचं सिरप आणून पाजलं. दुसऱ्या दिवशी शेवयांसारखे जंत पडले, वाटलं सुटलो. काल बघते तर शेपटीखाली आणि त्याच्या गोणपाटावर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी. एक तर चक्क वळवळत होतं! तीन वर्षांची लेक दिवसभर त्याच्या गळ्यात पडलेली असते. सासूबाईंचं फर्मान आहे, "उद्या ते कुत्रं बाहेर."

गोठेवाला:
ते चपट्या जंताचे तुकडे. वाळले की तिळासारखे दिसतात. तुमचं सिरप बहुधा गोल जंतांचं असणार, ते यांना लागू पडत नाही. प्राझिक्वांटेल लागतं, तेही डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं. पिसवा आहेत का? पोटाकडचे केस उलटे फिरवून बघा.

मोतीची_आई:
पिसवा दिसल्या दोन. बाकी मिरपूड भुरभुरल्यासारखं काळं काळं.

गोठेवाला:
ती मिरपूड ओल्या पांढऱ्या फडक्यावर टिपा. तांबडं उतरलं तर पिसवांची घाण, म्हणजे मोतीचंच रक्त. गोम तिथेच आहे. पिसवेची अळी जंताची अंडी खाते, पुढे कुत्रा अंग चावताना ती पिसू गिळतो. मुलांनाही पिसू पोटात गेली तरच होतं, आणि औषधाने बरं होतं. पिसवांची बहुतेक पिलावळ अंथरुणात असते, तेव्हा गोणपाट उकळा, नाहीतर महिन्याभरात कण्या परत. म्हशीचं गोचिडाचं औषध मात्र पिल्लाला चोपडू नका, जिवावर बेतेल.

कोकणकडा:
मला त्या शेवयांची जास्त काळजी वाटते. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच येतात. ताज्या शीतली अंडी बाधत नाहीत, दोनेक आठवडे मातीत मुरली की बाधतात. ती माती मुलीच्या तोंडात गेली तर अळ्या यकृतात, कधी डोळ्यातही शिरतात. शी रोजच्या रोज उचला, सिरपचा पुढचा डोस विचारून घ्या. आणि चावलं-ओरखडलं तर हळद-चुना नको, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. 'एवढंसं तर पिल्लू' म्हणून सोडू नका.

मोतीची_आई:
फडक्यावर तांबडं उतरलं. ते बघून सासूबाईंनीच बंबात पाणी तापवायला घेतलंय, गोणपाटासाठी. मोती पलंगाखाली दडलाय. त्याला वाटतंय, त्याच्याच आंघोळीची तयारी.